भुईगावची बारावी गाडी

विरार (पश्चिम)
९ फेब्रुवारी २०२५

श्री. लॉरेन्स मच्याडो यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण गेली सत्तावीस वर्षं मी तुमच्या मागावर आहे. घाबरू नका. मी पोलीस नाही, आणि आरटीओचा तर मुळीच नाही. मी दिनानाथ केळुसकर, मूळचा सावंतवाडीकडचा, एका मोटार कंपनीतून निवृत्त झालेला. कागदाच्या डोक्यावर 'डिझाइन विभाग' असं छापलेलं दिसेलच. जुनं पॅड घरात पडून होतं.

१९९८ साली पापडीला एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला आलो होतो. चर्चबाहेर नवरा-नवरीची गाडी उभी होती. तिचं बॉनेट केळफुलासारखं, पाकळीवर पाकळी चढलेलं, टोकाशी जरासं उघडलेलं. मी जेवण सोडून पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिचं चित्र काढत बसलो. पुढे बँडवाल्यांची गाडी दिसली, तिच्या पाठीला कर्ण्याचं तोंड होतं. मग पाचूबंदरचा मासळीचा टेम्पो, त्याच्या कुशीला हवा खेळायला माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. अशा अकरा गाड्या आज माझ्या वहीत आहेत.

जगभरच्या मोठमोठ्या गाडी घडवणाऱ्यांची कात्रणं मी जमवतो. बहुतेकांची पहिली गाडी अफाट, दुसरी पहिलीसारखी, आणि तिसरीपासून नुसत्या नावावर चालतं. तुमच्या अकरांत एकही दुसरीची बहीण नाही. कुठे तुमचं नावही नाही. तरी बघताक्षणी कळायचं की हात तोच. गेल्या आठवड्यात अकराव्या गाडीच्या मालकाला, एरॉलला, नाक्यावर गाठलं तेव्हा तुमचा पत्ता मिळाला. फोन केला तर तुमची मुलगी म्हणाली, "बाबांना ऐकू येत नाही आणि मोबाइल बघायचा कंटाळा आहे. अंकल, तुम्ही सरळ पत्र लिहा ना."

म्हणून पत्रानं विचारतो. तुम्हाला दरवेळी नवीन कसं सुचतं?

आमच्या सौ. आशालता म्हणतात, एवढं प्रेमपत्र मला कधी लिहिलं नाहीत. खरं आहे ते.

आपला,
दिनानाथ केळुसकर


भुईगाव
२१ फेब्रुवारी २०२५

केळुसकर साहेब,
नमस्कार.

माझ्या मुलीनं, शर्लिननं, तुमचं पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं कोर्टाचा कागद आला. एवढं कौतुक वाचायची सवय नाही. मालूला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं. ती कौतुकाच्या बाबतीत हात राखून असते, पण तिनं परत वाचा अशी खूण केली.

मी मुळात डेंटर. ठोकलेल्या गाड्या सरळ करायचो. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला, त्यात कान गेले. अंगणात चिंचेचा ओंडका आहे, त्याला वरून खळगा पडलाय. त्यात पत्रा धरून ठोकत राहिलं की तो वळतो. माझा कारखाना म्हणाल तर एवढाच.

नवीन कसं सुचतं म्हणता? नवीन सुचत नाही हो, जुनं परत जमत नाही. मी जन्मात कागदावर रेघ मारली नाही, मग दुसरी गाडी पहिलीसारखी होणार कशी? ते बॉनेट केळफुलासारखं झालं कारण पहिला पत्रा तोकडा पडला. त्यावर दुसरा चढवला, तोही पडला, म्हणून तिसरा. बघणाऱ्याला कला दिसली. चुकलं की परत ठोकायचं, तरी चुकलं तर त्याला एखादं नाव द्यायचं, एवढंच माझं शास्त्र.

पण तुम्ही तर डिझाइन विभागातले. रस्त्यावर धावणारी तुमची गाडी कुठली ते कळवा. शर्लिनला घेऊन बघून येतो.

सोबत सुकेळी पाठवतोय. वाडीतलीच केळी उन्हात वाळवून केलेली आहेत. वहिनींना द्या, म्हणजे प्रेमपत्राचा राग जाईल.

तुमचा,
लॉरेन्स मच्याडो


विरार (पश्चिम)
२ मार्च २०२५

लॉरेन्सभाऊ,
स. न.

सुकेळी पोचली. राग गेला, सुकेळीही गेली.

तुम्ही म्हणता ते मला पटत नाही. पत्रा सगळ्यांचाच तोकडा पडतो. बाकीचे तो फेकून नवा आणतात, तुम्ही त्याचं केळफूल करता. यालाच आम्ही अडाणी लोक प्रतिभा म्हणतो, आणि ती सत्तावीस वर्षं टिकली याचं मला राहून राहून नवल वाटतं.

अकरा चित्रांच्या झेरॉक्स पाठवत आहे. बँडच्या गाडीचं मागचं डावं चाक चुकलंय, तेव्हा मला बसमधून उतरता आलं नव्हतं. माझ्या गाड्यांबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन.

वहिनींना नमस्कार.

आपला,
दिनानाथ


भुईगाव
३० मार्च २०२५

केळुसकर साहेब,
नमस्कार.

चित्रं भिंतीला लावली आहेत. मला वाटलं होतं माझ्या गाड्या भंगारात गेल्या, त्या तुमच्याकडे होत्या. मालू रोज चहा पिताना त्यांच्याकडे बघते. म्हणूनच हे पत्र लिहायचा धीर झाला.

गेल्या जूनमध्ये मालूला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. कुणी धरलं तर काठी टेकत उजव्या अंगानं चार पावलं टाकते.

मालू अर्नाळ्याची कोळीण. लहानपणापासून मासळीच्या टेम्पोच्या मागच्या फळीवर, टोपल्या सांभाळत, मागे तोंड करून बसून इकडे विकायला यायची. ती फळी मोडली म्हणून टेम्पो माझ्याकडे आला. एक फळी बसवायला मी चार महिने लावले, त्यावरून काय ते समजा. ती हिंदू, मी ख्रिस्ती. लग्नाला तिच्याकडून एकच माणूस आलं, तिची मोठी बहीण रंभा. तेव्हापासून दर नारळी पौर्णिमेला दोघी बहिणी मिळून समुद्राला नारळ देतात. एकेचाळीस वर्षांत फक्त गेल्या वर्षी खाडा झाला. रंभाचेही गुडघे गेलेत, ती इकडे येऊ शकत नाही.

रिक्षातून न्यायला गेलो तर मालू डावीकडे घसरते. गाडीत शिरायला वाकता येत नाही. अॅम्ब्युलन्सला ती साफ नाही म्हणते. अर्नाळ्यात अॅम्ब्युलन्स दारात लागली की बाया आधी रडायला लागतात, मग विचारतात कोण आहे. माहेरी असं जायचं नाही, हे तिनं मला काठी आपटून सांगितलं.

आणखी एक सांगतो. मला ऐकू येत नसलं तरी मालूचं सगळं कळायचं, तिच्या ओठांवरून. आता तोंड वाकडं झालंय. शर्लिनला तिचं बोलणं कळतं, मला ओठ वाचता येत नाहीत. चार वेळा विचारलं की ती मान फिरवते. आता तर माझ्याशी बोलायचंच सोडलंय तिनं, नुसत्या खुणा करते.

सगळ्या गावाच्या गाड्या केल्या, मालूची राहिली. जुन्या जीपची चासी आणून ठेवली आहे. पण माझा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणतात हातोडा बंद. मी एका गाडीची परवानगी मागून घेतली. एक पत्रा एकदाच ठोकता येईल, चुकून परत ठोकायची ताकद आता नाही. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मला नकाशा पाहिजे. तुम्ही काढाल का?

चासीची मापं वेगळ्या कागदावर आहेत. नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. तोवर मालूला अर्नाळ्याला न्यायचं, एवढंच आता डोक्यात आहे.

तुमचा,
लॉरेन्स


विरार (पश्चिम)
४ मे २०२५

लॉरेन्सभाऊ,
स. न.

तुमच्या पत्राला महिना उलटून गेला. तुम्हाला वाटलं असेल, कौतुक करायला पुढे आणि कामाला मागे. तसं नाही. तीन आठवडे मी रोज कागद ताणून बसायचो आणि रोज पेन्सिलीला टोक काढून उठायचो. शेवटी सौ. म्हणाली, "टोक काढून काढून पेन्सिल संपेल, त्या बाईंचा सण निघून जाईल." मग अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाऊन दोन दिवस नुसत्या होड्या बघत बसलो.

नकाशा सोबत आहे. गाडीचं नाक होडीच्या पुढच्या टोकासारखं उचललेलं आहे, म्हणजे वहिनींना माहेरच्या होडीतून आल्यासारखं वाटेल. पायरी जमिनीपासून फक्त सात इंचांवर. छत उंच, वाकायला नको. वहिनींची खुर्ची दाराशीच, चार बोल्टांवर. मागची बाजू उघडी, तिथे सोबतीला बसणाऱ्यासाठी छोटं बाकडं. चासीची मापं चार वेळा ताडून पाहिली आहेत.

काही चुकलं असेल तर तुम्ही बदलालच. तुमचा हात आहे म्हणून मी निर्धास्त आहे.

आपला,
दिनानाथ


भुईगाव
८ जून २०२५

केळुसकर साहेब,
नमस्कार.

नकाशा बघून मला माझीच लाज वाटली. एवढी वर्षं मी अंधारात दगड मारत होतो. कागदावर गाडी अशी आधीच उभी राहते हे माहीत असतं तर अर्धा हातोडा वाचला असता.

नाक तयार झालं. ओंडक्याच्या खळग्यात ते वळण जसंच्या तसं बसलं. शर्लिन म्हणते, "बाबा, ही गाडी तरंगणार वाटतं." खांदा कुरकुरतो, पण चालवून घेतोय. सरकारी कागदपत्रांच्या मागे शर्लिन आहे.

एका ठिकाणी हात थांबला होता. दोन दिवस नकाशाकडे बघत बसलो. मग म्हटलं, कंपनीत जन्म काढलेला माणूस, विचार करूनच केलं असेल. आपण कोण त्यात बोट घालणार? नकाशातलं एक सूतही इकडचं तिकडं करणार नाही, हा शब्द देतो.

तुमचा,
लॉरेन्स


विरार (पश्चिम)
१५ जून २०२५

लॉरेन्सभाऊ,
स. न.

हात कुठे थांबला ते मला बरोबर कळलं. नाकाच्या त्या वळणापाशीच ना? ते मी अकरा वेळा खोडलं. बाराव्यांदा तुमची केळफुलाची गाडी समोर ठेवली आणि हात आपोआप वळला. तुम्ही थांबलात आणि तरी तसंच ठेवलंत, याच्याएवढी शाबासकी मला उभ्या नोकरीत मिळाली नाही. सौ.ला पत्र दोनदा वाचून दाखवलं.

एक सूतही हलवू नका.

आपला,
दिनानाथ


भुईगाव
२७ जुलै २०२५

केळुसकर साहेब,

गाडी झाली. काल मालूला बाहेर आणलं. शेजारपाजारचे जमले होते. तिनं नाकावरून हात फिरवला, तोंडभर हसली. मग बसायला गेली आणि बसता येईना.

दरवाजा डावीकडे आहे. पुढे तोंड करून बसलं की दार तिच्या डाव्या हाताला. चढताना धरायची दांडी त्या बाजूला, आणि तो हात चालत नाही. उजव्या हाताला नुसता सपाट पत्रा. मी आणि शर्लिननं उचलून बसवलं तर ती डावीकडे कलंडली आणि दारावर आपटली. लागलं नाही फार. पण सगळ्यांसमोर झालं. ती घरात गेली ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मला राग आला. स्वतःचा आला, आणि खरं सांगायचं तर अर्धा तुमचाही. माझा हात थांबला होता तो नाकापाशी नाही साहेब, दारापाशी. जूनमध्येच दिसलं होतं मला. तुमचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं एक सूतही हलवू नका. मग मी गप्प बसलो.

उजवीकडे दार काढायचं तर तिथे टाकी आहे, सायलेन्सर आहे, आणि नवा पत्रा ठोकायला खांदा नाही. सण बारा-तेरा दिवसांवर आला.

एकच विचारतो. तुम्ही दार डावीकडे का ठेवलंत? त्यात काही असेल जे मला कळलं नाही, तर लवकर कळवा.

लॉरेन्स


विरार (पश्चिम)
३० जुलै २०२५

लॉरेन्सभाऊ,

दार डावीकडे ठेवलं, कारण गाड्यांना प्रवाशाचं दार डावीकडे असतं. फुटपाथच्या बाजूला. त्यापलीकडे काही विचार नव्हता. वहिनींची डावी बाजू गेली हे तुमच्या पत्रात स्पष्ट होतं, त्या डावीकडे घसरतात हेही होतं. मी चासीची मापं चार वेळा वाचली, ते पत्र एकदाच वाचलं.

आता खरं सांगतो. रस्त्यावर माझी एकही गाडी धावत नाही. मी त्या विभागात चौतीस वर्षं होतो ते दुसऱ्यांच्या रेघा ट्रेसिंगच्या कागदावर उतरवायला. एकदा डिक्कीचं कुलूप थोडं वर घ्यावं असं सुचवलं होतं. साहेब हसले आणि चहा मागवा म्हणाले. तुम्ही विचारलंत तेव्हाच हे सांगायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षं ज्याचा हात बघत आलो तो माणूस मला 'साहेब' म्हणत होता, आणि ते सोडवेना.

नकाशा देताना वाटलं, चुकलं तर लॉरेन्स सुधारेल. तुम्हाला वाटलं, चुकलं दिसतंय पण केळुसकरांना माहीत असेल. आपल्या दोघांच्या मोठेपणात वहिनी पडल्या.

अॅम्ब्युलन्ससारखी न दिसणारी एखादी गाडी मिळते का, ते कालपासून शोधतो आहे. अजून मिळाली नाही. सणाला मी येणार नाही. वहिनींना तोंड दाखवायची माझी हिंमत नाही. मला क्षमा करा.

दिनानाथ


भुईगाव
११ ऑगस्ट २०२५

प्रिय दिनानाथ,

साहेब म्हणायचं आजपासून बंद. तुम्हीच सांगितलंत तुम्ही साहेब नाही म्हणून.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. मला माझा आवाज कळत नाही, त्यामुळे अर्ध्या भुईगावनं ऐकलं असणार. मालू खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. 'चहा मागवा' पर्यंत आलो आणि बघतो तर तिचा खांदा हलतोय. वाटलं रडते. जाऊन बघितलं तर हसत होती, अर्ध्या तोंडानं.

मग उठवा अशी खूण केली. काठी घेतली, स्वयंपाकघरातली खुर्ची उजव्या हातानं ओढली, आणि फिरवून पाठमोरी ठेवली. काहीतरी बोलली. मला कळलं नाही. शर्लिन हसत सुटली. तिनं कागदावर लिहून दाखवलं, आई म्हणते: "दोगंव शाने! खुर्ची फिरवा की. मी कवा पुढं बघून बसलंय?"

दिनानाथ, चार बोल्ट होते. खुर्ची मागे तोंड करून लावली की गाडीची डावी बाजू तिच्या उजव्या हाताला येते. दार उजव्या हाताला, दांडी उजव्या हाताला. अर्ध्या तासाचं काम. गाडीत माणूस पुढे बघूनच बसतो, हे तुमच्या कंपनीनं तुमच्या डोक्यात घातलं होतं. माझ्या डोक्यात कुणी घातलं देव जाणे. ज्या फळीमुळे माझं लग्न झालं तिचं तोंड कुठे होतं, हे मी विसरलो. दुपारी ती दांडी धरून स्वतः चढली, स्वतः बसली, आणि मला दार लावू दिलं नाही. ते तिनंच लावलं.

सणाला निघालो. शर्लिन गाडी चालवत होती, मी मागच्या तुमच्या बाकड्यावर, मालूच्या समोर. निर्मळ गेलं, नाळे गेलं. मागे पडणारा रस्ता ती बघत होती. लोक गाडीचं नाक बघायला थांबायचे आणि गाडी पुढे गेली की त्यांना मालू दिसायची. ती सगळ्यांना हात करत होती.

अर्नाळ्यात रंभाच्या गल्लीच्या तोंडाशी मालूनं गाडी थांबवली. शर्लिनला काहीतरी सांगितलं. शर्लिननं गाडी फिरवली आणि गल्लीत उलटी घातली, म्हणजे मालूचं तोंड बहिणीच्या दाराकडे आलं. तशी ती माहेरी पोचली, समोर बघत. रंभा ओट्यावर बसली होती. कुणी रडलं नाही. रंभाचे ओठ मला नीट वाचता येतात. ती म्हणाली, "आयलीस गो बाय. किती उशीर?" मग दोघींनी एकमेकींना धरलं आणि मी होड्या बघायला गेलो. नारळ दिला दोघींनी मिळून, ओहोटीच्या कडेला, चार जणांच्या आधारानं.

दाराच्या आतल्या बाजूला, मालूचा हात लागतो तिथे, मी छिन्नीनं नाव कोरलंय. बाकीच्या अकरांवर कुणाचं नाव नाही. हिच्यावर 'दिनानाथ' आहे. तुम्ही आला नाहीत हे बरं नाही केलंत. आता वही घेऊन या, बारावं पान काढा, आणि खुर्ची उलटी काढा. वहिनींनाही आणा, मालूला त्यांच्याशी नवऱ्यांविषयी बोलायचंय.

परतीचं सांगायचं राहिलं. आगाशी सोडल्यावर मालू माझ्याकडे बघून बोलायला लागली. आधी एक शब्द कळला, 'खुर्ची'. मग 'दोन महिने'. मग मी तिच्या तोंडाची फक्त उजवी बाजू बघायला लागलो. एवढा वेळ समोरासमोर आम्ही या चौदा महिन्यांत बसलोच नव्हतो. घरात मी तिच्या बाजूला बसायचो, आधार द्यायला. तिला आधार नको होता, माझं तोंड समोर हवं होतं.

आगाशीपासून भुईगावपर्यंत ती मला शिव्या घालत होती, आणि मला एकूण एक कळल्या.

तुमचा,
लॉरेन्स